पेशीबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न: कांदा, डाळिंब आणि ओआरएसची पुडी

मी सोलापुरात दहावी ते बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. मराठी माध्यमातली मुलं अकरावी सायन्सला आली की आणि पुन्हा परीक्षा तोंडावर आली की ठरावीक प्रश्न येतातच. पालकही विचारतात. त्यांचे प्रश्न शेतातून, स्वयंपाकघरातून, दवाखान्यातून आलेले असतात, म्हणून मला ते जास्त आवडतात. दोघांचेही प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

आधीच एक सांगते. या धड्यात सगळ्यात जास्त वेळ पेशीपटलाला, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्याला द्या. आत काय येतं, बाहेर काय जातं आणि त्यासाठी पेशीला किती ऊर्जा मोजावी लागते, हे कळलं की पुढचं बरंचसं आपोआप उलगडत जातं.

पेशी पुस्तकातल्या आकृतीसारखीच दिसते का?

नाही. आकृतीत मधे भरपूर मोकळी जागा आणि चार-दोन अंगकं (पेशीचे छोटे अवयव) तरंगताना दिसतात. खरी पेशी गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर संध्याकाळी असते तशी दाटीवाटीची असते. प्रथिनं, पाणी, क्षार, तंतू एकमेकांना घासत असतात आणि काहीही स्थिर नसतं. आकृती म्हणजे त्या गर्दीतली मोजकी माणसं ओळखता यावीत म्हणून काढलेला नकाशा. नकाशा जरूर शिका, पण जत्रा तेवढीच असते असं समजू नका.

‘सेल’ हा शब्द रॉबर्ट हूक यांनी 1665 मध्ये वापरला. त्यांनी बुचाचा पातळ काप पाहिला होता. बूच हे झाडाच्या सालीचं, म्हणजे त्यांना दिसल्या त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती. जिवंत सूक्ष्मजीव पुढच्या दशकात लेवेनहूक यांनी पाहिले. वनस्पती आणि प्राणी दोन्ही पेशींचेच बनलेले असतात, हे 1838-39 मध्ये श्लायडेन आणि श्वान यांनी मांडलं. नवी पेशी आधीच्या पेशीपासूनच तयार होते, हे फिर्शो यांनी 1855 मध्ये ठासून सांगितलं. परीक्षेत हे शेवटचं वाक्य मुलं विसरतात, आणि पेशी विभाजनाचा अख्खा धडा त्याच वाक्यावर उभा आहे.

नुसत्या डोळ्यांनी पेशी दिसते का?

बहुतेक पेशी दिसत नाहीत. आपली तांबडी रक्तपेशी साधारण 7 ते 8 मायक्रोमीटर रुंद असते. एक मिलिमीटर अंतरात अशा शंभराहून जास्त पेशी ओळीने बसतील. माणसाचं अंडं मात्र सुमारे 0.1 मिलिमीटर असतं, म्हणजे नजरेच्या अगदी उंबरठ्यावर.

आपल्याकडे सोपं उदाहरण आहे डाळिंबाचं. दाणा घ्या, ब्लेडने हलकेच उभा चिरा आणि भिंगाखाली धरा. बीच्या भोवतीचा लाल रसाळ भाग हा गराचा गोळा नाही. बीच्या आवरणाच्या सगळ्यात बाहेरच्या थरातल्या पेशी बाहेरच्या बाजूला लांबच लांब वाढतात आणि रसाने भरतात, तो भाग आपण खातो. दाणा दाताखाली फुटतो तेव्हा त्या पेशींच्या रिक्तिकांमधला, म्हणजे आतल्या रस साठवणाऱ्या पिशव्यांमधला, रस तोंडात येतो. ज्या जिल्ह्याच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, तिथल्या मुलांनी रिक्तिका फक्त पुस्तकात पाहावी हे मला पटत नाही.

पेशीभित्तिका आणि पेशीपटल एकच ना?

नाही, आणि ही चूक दर वर्षी गुण घालवते. पेशीभित्तिका वनस्पती, बुरशी आणि जिवाणूंना असते, बाहेरून असते, आणि वनस्पतींत ती मुख्यतः सेल्युलोजची असते. पेशीपटल प्रत्येक पेशीला असतं. भित्तिका आधार देते, पटल निवड करतं.

पेशीपटल नेमकं कशाचं असतं?

मुख्यतः मेद आणि प्रथिनांचं. फॉस्फोलिपिड नावाच्या मेदाच्या रेणूला पाणी आवडणारं डोकं आणि पाणी टाळणाऱ्या दोन शेपट्या असतात. पाण्यात सोडले की हे रेणू आपणहून दोन थर करतात: डोकी दोन्ही बाजूंनी पाण्याकडे, शेपट्या आत एकमेकींकडे. कुणी विणायला लागत नाही. या दुहेरी थरात प्रथिनं बसलेली असतात आणि त्यातली बरीचशी इकडेतिकडे सरकतही असतात. सिंगर आणि निकोल्सन यांनी 1972 मध्ये मांडलेलं हे चित्र आजही शिकवलं जातं.

जाडी साधारण 7 ते 8 नॅनोमीटर. वहीच्या एका पानाच्या जाडीत अशी सुमारे 10,000 पटलं एकावर एक मावतील. एवढ्याशा पडद्यावर जिवंत आणि निर्जीव यांची सीमा आहे.

ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड यांसारखे लहान, विद्युतभार नसलेले रेणू मेदाच्या थरातून सरळ आरपार जातात. सोडियम, पोटॅशियम असे भार असलेले आयन आणि ग्लुकोज अडकतात; त्यांना प्रथिनांची दारं लागतात. पाणी थोडंफार थरातूनही झिरपतं, पण भराभर जायला त्याच्यासाठी वेगळे मार्ग आहेत. त्यांना ॲक्वापोरिन म्हणतात. ते शोधल्याबद्दल पीटर आग्रे यांना 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

काकडीला मीठ लावलं की पाणी का सुटतं?

कोशिंबीर करताना काकडी चोचवून मीठ लावा आणि दहा मिनिटांनी भांडं तिरकं करा. तळाशी पाणी साचलेलं असतं. ते वरून कुणी घातलेलं नाही, काकडीच्या पेशींतलं आहे. बाहेर मीठ विरघळून दाट द्रावण झालं, आत त्यामानाने पातळ. पाणी पटलातून पातळ बाजूकडून दाट बाजूकडे गेलं. हेच परासरण. पेशीतलं पाणी गेलं की पटल भित्तिकेपासून सुटून आत आक्रसतं, त्याला रससंकोच म्हणतात. काकडी मऊ पडते ती म्हणूनच. लोणच्याला फोडींना आधी मीठ लावून ठेवतात आणि मनुका पाण्यात टाकली की फुगते, तिथेही कारण हेच. मनुकेत दिशा फक्त उलटी.

बाहेरचं द्रावण दाट असेल तर ते अतिपरासारी, पातळ असेल तर अवपरासारी, सारखं असेल तर समपरासारी. हे शब्द पाठ करण्याआधी काकडी आणि मनुका डोळ्यांसमोर आणा.

मग विसरण आणि परासरण यांत फरक काय?

विसरण कुठल्याही पदार्थाचं होतं, त्याला पटल लागत नाही. उदबत्तीचा वास घरभर पसरतो तसं. परासरण म्हणजे निवडक्षम पटलातून होणारा पाण्याचा प्रवास. दोन्हीत पेशीची ऊर्जा खर्च होत नाही.

डाळिंबाला ठिबकमधून खत जास्त गेलं की मुळ्या जळतात म्हणतात, ते खरं का?

एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी हे विचारलं होतं आणि मी ते वर्गात पाचव्यांदा वापरते आहे. ‘जळणं’ हा शेतकऱ्याचा शब्द अगदी नेमका आहे, कारण झाड पाण्यावाचून सुकल्यासारखंच दिसतं. मुळांच्या पेशींमधलं द्रावण नेहमी मातीतल्या पाण्यापेक्षा जरा दाट असतं, म्हणून पाणी आत येतं. खताचे क्षार एकदम वाढले की मातीतलं पाणी दाट होतं. मग पाणी आत येणं मंदावतं आणि फारच झालं तर मुळातून बाहेर जायला लागतं. शेत ओलं असतं आणि झाड तहानलेलं. क्षारपड जमिनीत पीक का बसतं, याच्या कारणांतलं एक मोठं कारण हेच आहे. काही क्षारांचा पेशीवर थेट विषारी परिणामही होतो, तो वेगळा.

ऊर्जा कधी लागते? सक्रिय वहन म्हणजे काय?

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरोघरी खाली हौद आणि गच्चीवर टाकी असते. टाकीतून नळाला पाणी आपोआप येतं. हौदातून टाकीत चढवायला मात्र मोटर लावावी लागते आणि वीजबिल भरावं लागतं. पदार्थ जास्तीकडून कमीकडे जातो तेव्हा टाकीतून नळाला, आणि कमीकडून जास्तीकडे न्यायचा तेव्हा हौदातून टाकीत. पेशीची वीज म्हणजे एटीपी नावाचा ऊर्जा पुरवणारा रेणू.

सगळ्यात महत्त्वाची मोटर म्हणजे सोडियम-पोटॅशियम पंप. एका फेरीत ती तीन सोडियम बाहेर टाकते, दोन पोटॅशियम आत घेते आणि एक एटीपी खर्च करते. येन्स स्कू यांनी ती 1957 मध्ये दाखवून दिली. नोबेल मिळायला 1997 उजाडलं. मज्जापेशींचा संदेश, स्नायूंची हालचाल, पेशीतल्या पाण्याचा समतोल, हे सगळं या मोटरीवर चालतं. तुम्ही हे वाचत बसला आहात तेव्हाही तुमच्या शरीराच्या ऊर्जेचा मोठा वाटा तिच्यावर जातो आहे.

मोठा घास मात्र दारातून जात नाही. पांढरी रक्तपेशी जिवाणूला गिळते तेव्हा पटलच त्याच्याभोवती खिशासारखं वळतं आणि आत तुटून पिशवी होते. उलट दिशेने स्वादुपिंडाच्या पेशी इन्सुलिन बाहेर सोडतात, तेव्हा आतली पिशवी पटलाला येऊन मिळते.

ओआरएसमध्ये साखर चवीसाठी घालतात का?

नाही. हे उत्तर लांब आहे, पण पूर्ण वाचा.

आतड्याच्या पेशींच्या पटलात एक प्रथिन असतं. ते ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन एकत्रच आत घेतं. दोघांपैकी एकटा आला तर हे दार धड चालत नाही. दोघं आत गेले की त्यांच्या मागे परासरणाने पाणी जातं. आत आलेला सोडियम पेशीच्या दुसऱ्या बाजूने मघाचीच मोटर बाहेर काढते, म्हणून आत सोडियम कायम कमी राहतो आणि दार चालू राहतं. कॉलऱ्यात आतड्यातून पाणी भसाभसा वाहून जातं, पण हे दार शाबूत असतं. म्हणून नुसतं पाणी पाजून भागत नाही, नुसतं मीठ घालूनही नाही. साखर ही सोडियमची सोबतीण आहे.

1971 मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपायला आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचं पाणी तोंडाने पाजायला सुरुवात केली. तिथलं मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. पटलातल्या एका प्रथिनाचं ज्ञान आणि वाचलेले जीव यांच्यातलं अंतर इतकं कमी मी दुसऱ्या कुठल्या धड्यात पाहिलेलं नाही.

माझ्या लहानपणी आमच्या घरी जुलाब लागले की ‘पोटाला आराम’ म्हणून पाणीच बंद करायचे. माझ्या धाकट्या भावाचे डोळे खोल गेलेले मला अजून आठवतात. म्हणून मुलांना सांगते, हे घरी जाऊन आजीला सांगा. मेडिकलमधून ओआरएसची पुडी आणा आणि तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी घाला; अर्धी पुडी अंदाजे पाण्यात नको. पुडी नसेलच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ वाढवू नका, काकडीचं काय झालं ते आठवा. बाळ मलूल झालं, लघवी कमी झाली किंवा पाजलेलं पोटात ठरत नसेल तर वेळ न दवडता दवाखान्यात न्या.

सलाईनच्या बाटलीत साधं शुद्ध पाणी का नसतं?

रक्तात शुद्ध पाणी गेलं तर ते तांबड्या पेशींत शिरेल आणि त्या फुगून फुटतील. प्राण्यांच्या पेशीला भित्तिका नाही, त्यामुळे फुगण्याला आवर घालणारं कुणी नाही. म्हणून 0.9 टक्के मिठाचं समपरासारी द्रावण वापरतात. काकडी पाण्यात टाकली तर कडक होते, फुटत नाही. हा फरक भित्तिकेचा.

उन्हाळ्यात दुपारी ज्वारीची पानं सुरळी का करतात?

गवतवर्गातल्या पानांच्या वरच्या बाजूला काही मोठ्या, पातळ भिंतीच्या पेशी असतात. पाणी कमी पडलं की त्या आधी आक्रसतात आणि पान आत वळतं. उन्हाला उघडी पडणारी बाजू कमी होते आणि बाष्प कमी जातं. पानावरच्या पर्णरंध्रांचं उघडणं-मिटणंही पटलावरच अवलंबून आहे: दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशी पोटॅशियम आत घेतात, मागोमाग पाणी येतं, त्या फुगतात आणि रंध्र उघडतं. पोटॅशियम बाहेर गेलं की मिटतं. मंगळवेढ्याकडची रब्बी ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर निघते. तिला हा हिशोब फार काटेकोर ठेवावा लागतो.

पेशी विभागतेच कशाला? मोठी का होत नाही?

एक सेंटिमीटरचा घन घ्या. पृष्ठभाग 6, घनफळ 1. आता दोन सेंटिमीटरचा: पृष्ठभाग 24, घनफळ 8, म्हणजे प्रमाण 3 वर आलं. खाणारी तोंडं वाढली, दारं त्या मानाने वाढली नाहीत. शिवाय शरीराला नव्या पेशी लागतात: वाढायला, जखम भरायला, झिजलेल्या बदलायला. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते आणि तिच्यात केंद्रकच नसल्याने ती स्वतः विभागू शकत नाही. नव्या पेशी अस्थिमज्जेतल्या मूळपेशींपासून येतात.

सूत्री विभाजनाच्या अवस्था लक्षात राहत नाहीत. काय करू?

आधी सूत गुंडाळायला शिका. माणसाच्या एका पेशीत एकूण सुमारे दोन मीटर डीएनए असतो आणि केंद्रक असतं काही मायक्रोमीटरचं. हा डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती, कांडीवर सूत भरावं तसा गुंडाळलेला असतो. यंत्रमागाच्या घरातल्या मुलांना हे एका वाक्यात कळतं: सुटं सूत हलवायला गेलात तर गुंता होतो, कांडी भरली की कुठेही नेता येते. एरवी डीएनए सैल असतो कारण त्याची माहिती वाचायची असते. विभाजनाआधी त्याची नक्कल होते, मग तो घट्ट गुंडाळला जाऊन त्याची गुणसूत्रं दिसू लागतात. ही पूर्वावस्था. गुणसूत्रं मधोमध ओळीत लागतात ती मध्यावस्था. प्रत्येक गुणसूत्राचे दोन भाग तुर्कतंतूंनी (विभाजनावेळी पेशीत तयार होणाऱ्या प्रथिनांच्या दोऱ्यांनी) विरुद्ध टोकांना ओढले जातात ती पश्चावस्था. टोकांना दोन केंद्रकं तयार होतात ती अंत्यावस्था. मग पेशीद्रव्य वाटलं जातं. प्राण्यांत पेशी मधे चिमटली जाते. वनस्पतींत भित्तिका असल्याने ते जमत नाही, म्हणून मधे नवी भिंत उभी राहते.

आणि एकदा तरी कांद्याच्या मुळाची स्लाइड स्वतः करा. कांद्याला सोलापुरात तोटा नाही. जुनी वाळकी मुळं कापून कांदा पाण्याने भरलेल्या ग्लासवर असा ठेवा की फक्त बूड पाण्याला टेकेल. तीन-चार दिवसांत पांढरीशुभ्र मुळं येतात. सकाळी टोकं कापून एक भाग ॲसिटिक आम्ल आणि तीन भाग अल्कोहोलच्या मिश्रणात दिवसभर ठेवायची. पुढचं शिक्षकांसमोर प्रयोगशाळेतच: सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मऊ करायची, ॲसिटोकार्मिनने रंगवायची, आणि फक्त टोकाचा एक-दोन मिलिमीटर भाग ठेवून आच्छादन-काचेवर अंगठ्याने सरळ दाबायचं. दाबताना काच सरकली तर पेशी फाटतात.

मग दिसतं काय? बऱ्याच चौकोनी पेशींत नुसता गोल गुलाबी ठिपका, कारण बहुतेक पेशी त्या क्षणी विभागत नसतात. शोधत राहा. अचानक एका पेशीत दोऱ्यांचा गुंता दिसतो, दुसरीत आडवी ओळ. पश्चावस्था सापडायला वेळ लागतो, कारण ती फार लवकर उरकते. दोन टोकांकडे निघालेले, केळीच्या घडासारखे वाकलेले दोन पुंजके पहिल्यांदा दिसले की मुलं भिंगावरून डोळा काढत नाहीत. कांद्याच्या पेशीत 16 गुणसूत्रं असतात. मोजून पाहा.

अर्धगुणसूत्री विभाजन वेगळं कसं?

ते जननपेशी तयार होताना होतं. नक्कल एकदा, विभाजन दोनदा. म्हणून 46 ऐवजी 23 गुणसूत्रं. आईकडून आणि वडिलांकडून आलेली जोडीची गुणसूत्रं आधी एकमेकांना चिकटतात, तुकड्यांची अदलाबदल करतात आणि मग वेगळी होतात. अदलाबदल सोडली तरी 23 जोड्यांतून 83,88,608 प्रकारच्या जननपेशी संभवतात. सख्खी भावंडं एकसारखी का नसतात, याचं उत्तर या आकड्यात आहे. तंतुकणिकांचा (पेशीसाठी एटीपी तयार करणाऱ्या अंगकांचा) डीएनए मात्र जवळजवळ नेहमी फक्त आईकडून येतो.

कॅन्सर म्हणजे पेशी विभाजनाचाच बिघाड ना?

हो. पेशीचक्रात तपासणीचे थांबे असतात. डीएनए बिघडला असेल तर पेशी थांबते, दुरुस्ती करते, जमलं नाही तर स्वतःला संपवते. या थांब्यांची जनुकंच बिघडत गेली तर पेशी विभागत राहते. हे बहुधा एका दिवसात होत नाही. बिघाड वर्षानुवर्षं साचतात. तंबाखू, मावा, मिश्री यांतली रसायनं तोंडातल्या पेशींच्या डीएनएला थेट इजा करतात. घरात कुणी गालात तंबाखू धरत असेल आणि पांढरा चट्टा किंवा न भरणारा फोड दिसत असेल तर डॉक्टरांना दाखवा, दुखायची वाट पाहू नका.

केमोथेरपीत केस का जातात?

बरीचशी औषधं झपाट्याने विभागणाऱ्या पेशींना गाठतात. केसांच्या मुळाशी, आतड्याच्या अस्तरात आणि अस्थिमज्जेत निरोगी पेशीही झपाट्याने विभागत असतात, त्या सापडतात. उपचार थांबल्यावर केस बहुतेक वेळा परत येतात.

दारातल्या सदाफुलीपासून कॅन्सरचं औषध होतं हे खरं का? मग पानं खाल्ली तर?

पहिलं खरं आहे. सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन मिळतात. तुर्कतंतू ज्या प्रथिनाचे बनतात ते ही औषधं जुळूच देत नाहीत, त्यामुळे पेशी मध्यावस्थेतच अडकते. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर व्हिन्क्रिस्टिन आजही वापरतात. पण ही औषधं पानांत अत्यल्प असतात, त्यांच्यासोबत इतर बरीच तीव्र द्रव्यं असतात, आणि डॉक्टर औषध मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात. त्यामुळे पानं खाऊ नका, काढा करू नका. फूल तोडून पाकळीची वरची साल ब्लेडने अलगद सोला, पाण्याच्या थेंबात ठेवा आणि सूक्ष्मदर्शीखाली बघा: गुलाबी रंग रिक्तिकांत भरलेला दिसेल. आता कडेने मिठाच्या पाण्याचा एक थेंब सोडा आणि नजर हलवू नका. रंग भिंतीपासून सुटून मधे गोळा होऊ लागतो. तो रससंकोच.